टिकाऊ, पण कशापुढे? हिल हाऊसची जाळी आणि आमच्या घरावरचा पत्रा

गेल्या वर्षी मे महिन्यात काकाचा फोन आला. "अगं, तू बांधकामाच्या मालावर पीएचडी करतेयस ना? मग एक सांग. घर पाडून स्लॅबचं बांधू, की आहे तेच नीट करू? ठेकेदार पुढच्या आठवड्यात येतोय."

घर म्हणजे राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर. पणजोबांनी बांधलेलं, शंभरीला आलेलं. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. दहा-बारा वर्षांपूर्वी "भिंती पक्क्या करू" म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि आतून ऑइलपेंट दिला. तेव्हापासून पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागलाय, ऑइलपेंटला फोड येतात, आणि त्याच भिंतीला लागून आजीची खाट आहे. आजीला दमा आहे.

मी पुस्तकी उत्तर दिलं : "काका, सिमेंट खरवडून काढ आणि चुना लाव."

काका म्हणाला, "तू मला चुना लावतेयस की भिंतीला?" आणि मग हसणं थांबवून विचारलं, "बरं, लावला चुना. किती वर्षं टिकेल?"

मला सांगता येईना. शंभरेक पेपर वाचलेत, त्यातल्या निम्म्यांच्या गोषवाऱ्यात 'टिकाऊ' आणि 'हवामानाला तोंड देणारं' हे शब्द आहेत, पण काकाच्या साध्या प्रश्नाला त्यातून उत्तर निघेना. आजची पोस्ट त्या दोन शब्दांवर आहे. ते तपासायला मी एक घर निवडलंय. ते कोकणातलं नाही, स्कॉटलंडमधलं आहे. आमच्या विषयात ते इतकं गाजलंय की तुम्ही या क्षेत्रात आलात तर कुठल्या ना कुठल्या सेमिनारमध्ये ते भेटेलच. तिथे त्याचं बहुतेक कौतुकच होतं. थोडं कौतुक मीही करणार आहे, पण माझ्या काही तक्रारीही आहेत.

घर काय आहे

ग्लासगोच्या वायव्येला, क्लाइड नदीच्या रुंद मुखाशी हेलेन्सबरा नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुकाराने वॉल्टर ब्लॅकी या प्रकाशकासाठी १९०२ ते १९०४ या काळात 'हिल हाऊस' बांधलं. आतलं फर्निचर, दिवे, भिंतींवरची नक्षी हे सगळं मॅकिंटॉश आणि त्याची पत्नी मार्गारेट मॅक्डोनल्ड यांनीच ठरवलेलं. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात या घराला मानाचं पान आहे. १९८२पासून ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहे.

स्कॉटलंडच्या त्या ओल्या पश्चिम किनाऱ्यावर घरांना बाहेरून चुन्याचा खरबरीत गिलावा करायची जुनी पद्धत होती. मॅकिंटॉशने ती सोडली आणि पोर्टलंड सिमेंटचा गिलावा वापरला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, म्हणजे माल अगदी नवा नव्हता. पण अख्ख्या घराला असं कवच घालणं तेव्हा धाडसाचं होतं. त्याला घर एकसंध, राखाडी, कोरून काढल्यासारखं दिसायला हवं होतं. त्यासाठी भिंतींच्या माथ्यावर पाणी बाहेर फेकणारे दगड त्याने बऱ्याच ठिकाणी टाळले. आपल्याकडे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून कौलारू छप्पर हातभर पुढे काढतात ना, तेच काम ते दगड करतात. ते नसले की पाऊस माथ्यावर पडतो आणि भिंतीवरूनच ओघळतो.

पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. सिमेंट ताठ असतं. मागची दगड-विटांची भिंत उन्हाने, थंडीने, ओलीने थोडी हलते, फुगते, आकसते. ताठ कवचाला ते सोसत नाही आणि बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं. आत गेलेलं पाणी बाहेर यायचं तर वाफ होऊनच येणार, आणि दाट सिमेंटच्या थरातून वाफ फार सावकाश बाहेर पडते. आत जायला शंभर वाटा, बाहेर यायला जवळपास एकही नाही. चुन्याचा गिलावाही पाणी पितो, किंबहुना सिमेंटपेक्षा जास्तच पितो. पण पाऊस थांबला की तो ते परत सोडतो. शिवाय तो मऊ असतो, भिंतीबरोबर थोडा हलतो, आणि बारीक भेगांमध्ये विरघळलेला चुना पुन्हा साकळून त्या काही प्रमाणात बुजतातही.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. मॅकिंटॉशने हलका माल वापरला नव्हता. त्या काळी 'टिकाऊ' म्हणून जे विकलं जात होतं तेच त्याने वापरलं. सुट्या मालाची ताकद बघितली तर सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे. आपण आजही सिमेंटची प्रत २८ दिवसांच्या ताकदीवर ठरवतो. पण ताकद आणि टिकाऊपणा ही दोन वेगळी मापं आहेत. ताकद मालाची असते. टिकाऊपणा माल, त्याच्या मागची भिंत, वरचं छप्पर आणि बाहेरचं हवामान या चौघांचा मिळून असतो. लॅबमध्ये आपण यातला एकच सुटा करून तपासतो आणि निष्कर्षात बाकीच्या तिघांनाही गुपचूप ओढून आणतो.

जाळीची पेटी

शंभर वर्षांत घर इतकं भिजलं की, नुसती डागडुजी पुरणार नाही, हे ट्रस्टच्या लक्षात आलं. मग कारमोडी ग्रोअर्क या वास्तुकारांनी घराभोवती एक प्रचंड पेटी उभी केली. २०१९ साली ती लोकांसाठी खुली झाली. वर पक्कं छप्पर आहे, आणि चारही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या कड्यांची जाळी, जुन्या योद्ध्यांच्या चिलखतासारखी. तीन कोटींहून जास्त कड्या आहेत त्यात. पाऊस बराचसा बाहेर अडतो, वारा आरपार खेळतो आणि घर हळूहळू वाळतं. आतल्या जिन्यांवरून लोक घराच्या छपराच्या वरपर्यंत चढून ते बघू शकतात. पेटी कायमची नाही. घर वाळेपर्यंतची, काही वर्षांची सोय आहे.

मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मला आजीची झापं आठवली. कोकणात पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, झड थेट भिंतीवर येऊ नये म्हणून. पावसाळा संपला की झाप काढून चुलीला. हिल हाऊसची पेटी म्हणजे स्टीलचा झाप. तत्त्व तेच : भिंतीला न शिवता पाऊस दूर धरायचा आणि वारा चालू ठेवायचा.

यातलं मला मनापासून आवडलेलं एक. पेटी उभारणाऱ्यांनी "आम्हाला उत्तर माहीत आहे" असा आव आणला नाही. सिमेंट काढून चुना लावायचा, की सुधारित सिमेंट वापरायचं, की माथ्यावर नवे दगड बसवायचे, हा निर्णय त्यांनी पुढे ढकलला आणि मधल्या काळात घर वाळवायचं ठरवलं. ओल्या भिंतीवर केलेली दुरुस्ती, मग ती कुठल्याही मालाची असो, ओल आत कोंडते. आधी वाळवा, मोजा, मग ठरवा. संशोधनाच्या दृष्टीने हा क्रम बरोबर आहे आणि ट्रस्टसारख्या संस्थेला तो जाहीरपणे मान्य करणं सोपं नसतं.

आता तक्रारी.

पहिली. पेटीबद्दलच्या लिखाणात 'हवामानबदलावर उपाय' असा सूर वारंवार येतो. पाऊस वाढतोय, वादळी होतोय, म्हणून घराला कवच हवं, असा. पण हे घर बिघडलं ते चुकीच्या गिलाव्यामुळे आणि माथ्यावर दगड नसल्यामुळे, आणि ही चूक १९०४ सालीच झाली होती. वाढत्या पावसाने तिचा भार वाढवला, चूक निर्माण केली नाही. मूळ कारण आणि बोजा वाढवणारं कारण यांत फरक केला नाही, तर उपाय चुकीच्या जागी जातो. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावात 'हवामानबदलामुळे' हा शब्द टाकायच्या आधी स्वतःला विचारा : हवामान पन्नास वर्षं होतं तसंच राहिलं असतं, तर ही भिंत वाचली असती का? हिल हाऊसच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं आहे.

दुसरी. मॅकिंटॉशचं सिमेंट हेच या घराचं मूळ साहित्य आहे. ते काढून चुना लावला तर घर वाचेल, पण मग ते मॅकिंटॉशचं राहील का? १९६४च्या व्हेनिस सनदेपासून हा वाद चालू आहे. जुने तंत्र अपुरं पडत असेल तर नवं तंत्र वापरा, असं ती सनद म्हणते. इथे मात्र सगळं उलटं झालंय. 'नवं' तंत्रच मूळ आहे, आणि ते अपुरं पडतंय म्हणून 'जुन्या'कडे जायचं आहे. १९९४च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा फक्त मालात न शोधता तो वापरात, परंपरेत, कारागिरीतही शोधायला सांगितलं. पेटी या वादावर काहीच बोलत नाही. ती घराला काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखं ठेवते. वस्तू सुरक्षित, प्रश्न जसाच्या तसा.

तिसरी तक्रार आमच्या घरातून आलेली आहे. हिल हाऊसमध्ये आज कोणी राहत नाही. त्याला वाळायला दहा वर्षं देता येतात. आमच्या माजघरात आजी झोपते. राहत्या ऐतिहासिक घराच्या दुरुस्तीत वेळ हा सगळ्यात महाग माल असतो, आणि आमच्या विषयातले बहुतेक गाजलेले नमुने हे संग्रहालय झालेल्या घरांचे असल्यामुळे तो हिशेबातच येत नाही.

कोकणातली पेटी

आता गंमत बघा. हिल हाऊससारखी पेटी कोकणात गावोगाव आहे, फक्त तिला कोणी वास्तुकलेचं पारितोषिक दिलेलं नाही. तुम्ही चिपळूण ते सावंतवाडी कुठेही एसटीने जा, स्लॅबच्या घरांवर लोखंडी खांब आणि त्यावर उतरता पत्रा दिसेल. का? स्लॅब सपाट, पाऊस चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, बांधताना उतार आणि वॉटरप्रूफिंग यथातथाच. पाच-सात वर्षांत स्लॅब ठिबकायला लागतो. मग 'पक्क्या' घराचं रक्षण करायला वर 'कच्चं' छप्पर येतं. म्हणजे कौलं नकोत म्हणून स्लॅब घातला आणि स्लॅबला वाचवायला पुन्हा उतरतं छप्पर घातलं. टिकाऊ मालाला वाचवायला दुसरं काहीतरी लागत असेल, तर तो टिकाऊपणा नेमका कोणाचा, हा प्रश्न रास्त आहे.

स्लॅबचा दुसरा शत्रू समुद्र आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. हे काही गुपित नाही. आपलं भारतीय मानक आय.एस. ४५६ किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला 'तीव्र' वर्गात टाकतं आणि सळईवर किमान ४५ मिलिमीटर आच्छादन व एम ३० प्रतीचं काँक्रीट मागतं. साध्या, सौम्य वातावरणात हेच २० मिलिमीटर आणि एम २० वर भागतं. गावातल्या घराला दोन्हींतलं काय मिळतं हे बघायचं असेल, तर कुठल्याही चालू कामावर जाऊन सळईखालचे कव्हर ब्लॉक मोजा. मला वाटतं, एमटेकच्या एका अख्ख्या प्रबंधाचा हा विषय आहे.

पण हिल हाऊसचा धडा कोकणाला जसाच्या तसा लागू होतो का? मी आधी होतो असं धरून चालले होते, आणि तिथेच चुकले. हेलेन्सबरामध्ये पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. भिंतीला वाळायला सलग मोसम मिळतच नाही. आपल्याकडे चार महिने धो धो, आणि मग ऑक्टोबर ते मे आठ महिने कोरडे. म्हणजे आमच्या भिंतीला दरवर्षी निसर्गच वाळायची संधी देतो. तिकडे प्रश्न 'पाणी आत येतं' हा आहे आणि 'वाळायला वेळच नाही' हाही आहे. इकडे प्रश्न एवढाच, की वाळायच्या मोसमात आपण वाट बंद केली आहे. तिकडे पेटी लागली. इकडे बहुधा वाट मोकळी केली तरी पुरेल. एका हवामानातला निष्कर्ष दुसऱ्या हवामानात नेताना नुसतं वार्षिक पर्जन्यमान बघू नका, कोरडे दिवस सलग किती ते बघा.

चुन्याचीही तीच गोष्ट. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला आठवडे लागतात. सतत भिजत राहिला तर तो नीट धरतच नाही. म्हणून आपल्याकडे हे काम दसऱ्यानंतर काढायचं. युरोपातल्या पेपरातला मोसम इथे चालणार नाही.

जुनं ते सोनं?

इथपर्यंत वाचून "म्हणजे जुनंच चांगलं होतं" असं तुम्हाला वाटलं असेल, तर थांबा. आमच्या विषयात या भावनेने बरंच नुकसान केलंय.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत गेली. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वरचा धक्का होता, जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे मध्यम. इतकी माणसं गेली ती घरांमुळे. गोल दगडांच्या, मातीत बांधलेल्या जाडजूड भिंती, बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना न बांधलेले, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात हीच घरं थंडगार. उष्णतेच्या निकषावर ती उत्तम होती. धक्का बसला तसे भिंतींचे थर सुटले आणि माळवद खाली आलं. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली. इतर गावांत उभ्या राहिलेल्या जुन्या घरांसाठी भिंतीच्या दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालायची साधी युक्ती शिकवली गेली. तोच दगड, तीच भिंत, फक्त दोन थर एकमेकांना बांधलेले. अशा ठिकाणी माल बदलण्यापेक्षा जोड बदलणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

कोकणातही जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं आणि पत्रे पानांसारखे उडाले. स्लॅबची घरं त्या दिवशी शांत उभी होती. कौलारू घराच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे दृश्य विसरू नये. छप्पर भिंतीला नीट बांधलेलं असेल तर वेगळं झालं असतं का, हा पुढचा प्रश्न. पण आधी मान्य करायचं की वाऱ्यापुढे हलकं छप्पर कच्चं पडतं.

म्हणजे 'हवामानाला तोंड देणारं' असा माल नसतोच. पावसापुढे टिकणारा माल वाऱ्यापुढे पडतो, उन्हापुढे चांगला तो भूकंपात घात करतो. आणि आकडेवारीत एक गोष्ट विसरता येत नाही : जगभरच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जुनी घरं पाडून काँक्रीटची बांधायची म्हणजे आग विझवायला थोडं रॉकेलही ओतण्यासारखं आहे.

पेपर वाचताना चार प्रश्न

'टिकाऊ' हा शब्द दिसला की मी आता समासात चार प्रश्न लिहिते. तुम्हीही लिहून बघा.

एक, कशापुढे टिकाऊ? पाऊस, वारा, क्षार, वाळवी, पूर, भूकंप यातलं एक नाव घेतलंच पाहिजे.

दोन, कशाबरोबर टिकाऊ? सुट्या नमुन्यात की खऱ्या भिंतीवर? मागे जांभा आहे की भाजकी वीट? लॅबमधल्या ठोकळ्यावर छप्पर नसतं आणि जोतंही नसतं.

तीन, कोणाच्या देखभालीने? सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कौलांची आहे आणि १९३०च्या दशकापासून उभी आहे, कारण तिचं लिंपण-सारवण चालू असतं. जपानमधलं इसे इथलं देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ साली. तिथे लाकूड टिकत नाही, कारागिरी टिकते. उलट 'देखभाल लागत नाही' अशी जाहिरात असलेल्या मालाची देखभाल कोणी शिकतच नाही, आणि तो बिघडला की दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. आमच्या गावात कौलं शाकारणारे दोन म्हातारे उरलेत. टिकाऊपणाच्या कुठल्या सूत्रात त्यांना बसवायचं?

चार, बिघडल्यावर काय होतं? चुना झिजतो तो डोळ्यांसमोर, वरून, हळूहळू. दोन वर्षं दुर्लक्ष केलं तरी सावरता येतं. सिमेंटमागची ओल आणि काँक्रीटमधली सळई मात्र आत, नजरेआड बिघडते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मला हा प्रश्न चौघांत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पेपरांत तो सगळ्यात कमी दिसतो.

माझी चूक

काकाचा फोन आल्यावर मी त्याच आठवड्यात गावी गेले, डिपार्टमेंटचं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन. दोन टोकं भिंतीत टोचायची, आकडा वाचायचा. पश्चिमेची भिंत 'कोरडी' निघाली. मी काकाला म्हटलं, वाटतं तितकं वाईट नाही. तो काही बोलला नाही. ऑगस्टमध्ये त्याने फक्त एक फोटो पाठवला. भिंतीवर कमरेपर्यंत काळा ओघळ, आणि आजीची खाट खोलीच्या मधोमध सरकवलेली.

मेमध्ये मोजणं ही पहिली चूक. आठ कोरड्या महिन्यांच्या शेवटी कुठलीही भिंत शहाणी दिसते. दिवाळीत पुन्हा गेले. भिंत हाताला कोरडी लागत होती, पण यंत्र जोरात 'ओली' म्हणत होतं. ही दुसरी चूक. असं यंत्र खरं तर विजेचा रोध मोजतं आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. भिंतीत क्षार असले की रोध कमी होतो आणि कोरडी भिंतही ओली दिसते. शेवटी ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढली, डब्यांत बंद केली, लॅबमध्ये वजन केलं, भट्टीत वाळवली, पुन्हा वजन केलं. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. जुनी, कंटाळवाणी पद्धत, पण खोटं बोलत नाही. त्यातून कळलं की पृष्ठभाग वाळला होता, पण सिमेंटच्या मागे चार बोटं आत ओल अजून होती.

माझा पहिला अहवाल मी गाइडना पाठवला होता. तो मागे घ्यावा लागला. लाज वाटली, पण त्याहून जास्त आजीच्या खाटेची लाज वाटली.

काय ठरवलं

ठेकेदाराला काकाने 'पुढच्या वर्षी बघू' सांगितलं. दिवाळीनंतर पश्चिमेच्या भिंतीच्या अर्ध्या भागावरचं सिमेंट आणि आतला ऑइलपेंट काढला, चिरा उघडा केला, सांधे चुन्याने भरले आणि त्या बाजूचं छप्पर हातभर पुढे काढलं. उरलेला अर्धा भाग आहे तसाच ठेवला. दोन्हींकडून दर महिन्याला भुकटी घ्यायची, एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा मोसम. छपराचे वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतलेत, निसर्ग वादळाची आठवण ठेवून. आजी पूर्वेच्या खोलीत गेली आहे. तिला ती खोली आवडत नाही, तिथून तुळस दिसत नाही.

यात एक दोष आहे आणि तो तुम्ही पकडावा अशी माझी इच्छा आहे. मी गिलावा काढला आणि छप्परही पुढे काढलं, एकाच भागावर, एकाच वेळी. भिंत सुधारली तर कशामुळे, हे मला सांगता येणार नाही. प्रयोग म्हणून हे चूक आहे. पण काकाला म्हणायचं का, की "छप्पर पुढच्या वर्षी काढ, मला एकेक गोष्ट वेगळी तपासायचीय"? मी नाही म्हणू शकले. हिल हाऊसवाल्यांना ते परवडतं, म्हणूनच त्यांची पेटी मला पटते आणि थोडा हेवाही वाटतो.

तुमच्या वाचनाच्या यादीतला 'टिकाऊ' शब्द असलेला कुठलाही एक पेपर घ्या आणि वरचे चार प्रश्न त्याला लावा. चारांपैकी किती सुटले ते खाली लिहा. आमच्या भिंतीचे आकडे पावसाळा संपला की इथेच टाकेन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.